रुमालाखालचा सौदा : धाक, खटला आणि तडजोड

(पुण्याच्या मार्केट यार्डात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



भुसार बाजारात उभं राहून कायद्यावर बोलायचं म्हणजे जरा अवघडच. बाहेर टेम्पो लागलेत, हमाल पोती उतरवतायत आणि तुमचं अर्धं लक्ष गाळ्यावर आहे हे आम्हाला इथून दिसतंय. (हशा) म्हणून सुरुवात कायद्यानं करत नाही, बाजारानंच करतो.

तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना रुमालाखालचा सौदा माहीत असेल. खरेदीदार आणि अडत्या यांचे हात एका कापडाखाली जायचे आणि बोटं दाबून भाव ठरायचा. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारीच उभा असायचा, पण भाव किती ठरला हे त्याला कळायचं नाही. मागाहून त्याला एक आकडा सांगितला जायचा आणि तो मान डोलवायचा. त्यानं मान डोलवली म्हणून त्याची संमती होती असं म्हणायचं का? नाही. म्हणून तर 1939 साली मुंबई प्रांताचा बाजार कायदा आला, पुढे 1963 साली महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजार कायदा आला, आणि उघड लिलाव हा नियम झाला. बोली मोठ्यानं लागली पाहिजे, चारचौघांत लागली पाहिजे, लिहून ठेवली पाहिजे. हे सरकारनं बाजाराला शिकवलं आणि ते बरोबरच होतं.

आमचं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं : सरकारनं जे बाजाराला शिकवलं, ते सरकार स्वतः व्यापाऱ्याशी तडजोड करताना पाळत नाही. खटल्याचा धाक, अटकेचा धाक, खातं गोठवण्याचा धाक हे सगळं रुमालाखाली चालतं, आणि वर कागदावर शब्द असतो ‘स्वेच्छेने’.

आता एक गाळा डोळ्यांसमोर आणा. ही कोणा एकाची गोष्ट नाही, कल्पनाच समजा. पण कल्पना करायला तुम्हाला फार कष्ट पडणार नाहीत.

दुपारचे चार वाजलेत. गाळ्यावर पथक येतं. ओळखपत्रं दाखवतात, झडतीचा आदेश दाखवतात. शटर अर्धं खाली. सगळ्यांचे मोबाइल टेबलावर. संगणक उघडला जातो, वह्या काढल्या जातात, पोती मोजली जातात. सात वाजता हमाल निघून जातात, नऊ वाजता दिवाणजीला चक्कर येते. अकरा वाजता एका कोऱ्या कागदावर हिशेब मांडला जातो : ज्या पुरवठादाराकडून तुम्ही माल घेतला त्याची नोंदणी रद्द झालीय, म्हणून तुम्ही घेतलेली कराची वजावट चुकीची, म्हणून कर, व्याज, दंड मिळून अडतीस लाख. रात्री एक वाजता कोणीतरी शांतपणे म्हणतं, “शेठ, एवढं भरलंत तर विषय इथंच संपला. नाहीतर सकाळी आमच्याबरोबर यावं लागेल.” घरून फोनवर फोन येत असतात, ते उचलता येत नाहीत. शेवटी सल्लागाराला एक फोन करू देतात. सल्लागार विचारतो, “किती म्हणतायत?” आणि मग म्हणतो, “भरून टाका.”

पोर्टलवर डीआरसी-03 नावाचा फॉर्म आहे. त्यात रक्कम भरण्याचं कारण निवडावं लागतं, आणि कारणात ‘स्वेच्छेने’ असं असतं. रात्री दोन वाजता बटण दाबलं जातं.

आता या गोष्टीतली मेख सांगतो. जीएसटी कायद्याच्या कलम 69 प्रमाणे अटक करायची तर ठरावीक गुन्हे लागतात : बिलाविना माल विकणं, मालाविना बिल देणं, अशा खोट्या बिलावर वजावट घेणं, किंवा ग्राहकाकडून घेतलेला कर तीन महिन्यांहून जास्त दाबून ठेवणं. शिवाय रक्कम दोन कोटींच्या वर लागते, आधी दोषी ठरलेल्याचा अपवाद सोडला तर. आणि अजामीनपात्र गुन्हा होतो तो पाच कोटींच्या वर. म्हणजे अडतीस लाखांसाठी, पहिल्याच वेळी, त्या माणसाला अटक होऊच शकत नव्हती. ज्या गोष्टीला घाबरून त्यानं पैसे भरले ती गोष्ट कायद्यात नव्हतीच. पण रात्री एक वाजता कलम 69 कोण वाचतं?

आणि इथं आम्ही स्वतःकडेही बोट दाखवतो. ‘भरून टाका’ हा सल्ला आमच्या धंद्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं दिला आहे. आम्हीही दिला आहे. का दिला? कारण तो सोपा असतो. अशिलाचा जीव भांड्यात पडतो, आमची झोप होते आणि दुसऱ्या दिवशी दोघंही म्हणतो, ‘सुटलो बुवा.’ सुटलो हा शब्द निर्दोष माणसानं का वापरावा, याचा विचार आम्ही फार उशिरा केला.

सरकारी वकील इथं कुठे आहे?

या विषयाची चर्चा अमेरिकेत फार झाली आहे. तिथं खटला भरायचा की नाही हे सरकारी वकील ठरवतो, आणि आरोपपत्राची भीती घालून मोठमोठ्या कंपन्यांकडून तडजोड करून घेतो, अशी टीका आहे. तिचं मूळ एका उदाहरणात आहे. आर्थर अँडरसन ही हिशेब तपासणारी जगातली एक बलाढ्य संस्था. एन्रॉन प्रकरणात कागदपत्रं नष्ट केल्याचा आरोप तिच्यावर मार्च 2002 मध्ये ठेवला गेला, जूनमध्ये ती दोषी ठरली. जगभरात तिचे सुमारे 85 हजार कर्मचारी होते. संस्था कोसळली. 2005 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ती शिक्षा रद्द केली. पण तोवर वाचवायला उरलं काय होतं? म्हणजे निकाल बाजूनं लागला आणि माणूस मेला, अशातली गत.

त्यानंतर प्रत्येक कंपनीनं धडा घेतला : कोर्टात जायचंच नाही. त्याच वर्षी केपीएमजीनं 45 कोटी 60 लाख डॉलर मोजून तडजोड केली. त्या प्रकरणात सरकारी वकिलांच्या दबावामुळे कंपनीनं स्वतःच्या आरोपी कर्मचाऱ्यांच्या वकिलांची फी देणं थांबवलं. न्यायाधीश कॅप्लन यांनी हे घटनेविरुद्ध ठरवलं आणि 2007 साली तेरा जणांवरचे आरोप काढून टाकले. म्हणजे धाकाला कोर्टात नाव मिळालं, पण ते कंपनीला मिळालं नाही. तिनं पैसे भरून टाकले होते.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे, आणि आमच्या मते जास्त गंभीर आहे. आपल्या कायद्यात सरकारी वकील हा तपास करणाऱ्यापेक्षा वेगळा असावा, असं तत्त्व आहे. आणि हे तत्त्व ठासून सांगणारा एक निकाल आपल्या महाराष्ट्राच्याच प्रकरणातला आहे. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सहायक सरकारी अभियोक्ते पोलीस खात्याच्या ताब्यात ठेवू नका, त्यांचं वेगळं संवर्ग करा. कारण साधं आहे. ज्यानं पकडलं, त्यालाच ‘खटला चालवण्याजोगा आहे का’ असं विचारलं तर तो काय उत्तर देणार?

आता जीएसटीचा कायदा उघडा. कलम 69 : अटकेचा आदेश कोण देणार? आयुक्त. कलम 132 : खटल्याला मंजुरी कोण देणार? आयुक्त. कलम 138 : पैसे घेऊन गुन्हा मिटवणार कोण, म्हणजे ज्याला आपण कंपाउंडिंग म्हणतो ते? आयुक्त. अटक, खटला आणि तडजोड या तीन किल्ल्या एकाच जुडग्यात. सरकारी वकील येतो तो सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा येतच नाही, कारण त्याआधीच विषय ‘संपलेला’ असतो. आपल्याकडे दबाव आणणारा अभियोक्ता काळा कोट घालत नाही, एवढाच काय तो फरक.

उलटा लिलाव

धाक नुसता रात्रीच्या आवाजात नसतो, तो कायद्याच्या रचनेतच असतो. तुम्ही लिलाव रोज बघता. बोली वर चढते. कर कायद्यात दंडाची बोली पहा. फसवणुकीचा आरोप असेल तर कलम 74 म्हणतं : नोटिशीच्या आधी भरा, दंड 15 टक्के. नोटीस आल्यावर 30 दिवसांत भरा, 25 टक्के. आदेशानंतर 30 दिवसांत भरा, 50 टक्के. आणि भांडलात, हरलात, तर 100 टक्के. 2024-25 पासूनच्या वर्षांसाठी कलम 74अ आलं, मुदती 60 दिवसांच्या झाल्या, पण शिडी तीच.

म्हणजे ‘मी निर्दोष आहे’ असं म्हणण्याची किंमत दर पायरीला वाढत जाते. दोषी माणसाला ही सवलत वाटते. निर्दोष माणसाला ती धमकी वाटते. एकच तक्ता, पण तो वाचणारा कोण यावर त्याचा अर्थ बदलतो.

बरं, भांडायचं ठरवलं तर कुठे भांडायचं? पहिल्या अपिलाला वादातल्या कराच्या 10 टक्के रक्कम आधी भरावी लागते. त्याच्या वरचं अपील न्यायाधिकरण 2017 च्या कायद्यातच लिहिलेलं होतं, पण त्याची औपचारिक सुरुवात झाली सप्टेंबर 2025 मध्ये. आठ वर्षं. आठ वर्षं आपण व्यापाऱ्याला सांगत होतो, ‘अन्याय झाला असेल तर दाद मागा,’ आणि दाद मागायच्या खोलीला कुलूप होतं. उच्च न्यायालय होतं, पण तिथला खर्च भुसार बाजारातल्या दोन गाळ्यांच्या माणसाला परवडतो का? मग तो काय करणार? भरून टाकणार.

त्यातच नियम 86अ खाली तुमच्या वजावटीचा साठा एक वर्षापर्यंत अडवता येतो, आणि कलम 83 खाली बँक खातं तात्पुरतं जप्त करता येतं. हा अधिकार किती जहाल आहे हे सर्वोच्च न्यायालयानं 2021 साली राधाकृष्ण इंडस्ट्रीजच्या निकालात स्पष्ट सांगितलं आणि तो सरसकट वापरू नका असं बजावलं. खातं गोठलं तर फक्त मालक अडकत नाही. ज्यांनी माल दिला त्यांची पट्टी अडकते, हमाली-तोलाई अडकते. या यार्डात बाबा आढावांनी आणि हमाल पंचायतीनं अख्खं आयुष्य घालून हमालाच्या मजुरीला कायद्याचा आधार मिळवून दिला, 1969 चा माथाडी कायदा त्या लढ्यांचंच फळ आहे. पण गाळ्याचं शटर एक आठवडा खाली राहिलं तर पोतं उचलणाऱ्याला त्या आठवड्याचं काम कुठला कायदा देणार? तडजोडीचा दबाव म्हणजे शेठ आणि साहेब यांच्यातलं प्रकरण, असं समजू नका. त्या रात्री टेबलावर हमालाची भाकरही ठेवलेली असते. फक्त तिच्याकडे कोणी पाहत नाही.

हे नवं नाही

जीएसटीलाच दोष देऊन उपयोग नाही. अन्नभेसळीचा 1954 चा कायदा आठवा. नमुना नापास झाला की किमान सहा महिने कैद असं कलम होतं. मिरची पावडरीत मुद्दाम विटेची भुकटी घालणारा आणि सीलबंद माल पुढे विकणारा किरकोळ दुकानदार, दोघांच्या डोक्यावर तीच तलवार. भेसळ करणाऱ्याला कैद व्हायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण शिक्षा जितकी कडक आणि सरसकट, तितका नमुना घेणाऱ्याच्या हातातल्या बाटलीचा भाव वाढतो. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा 2011 साली अमलात आला आणि किरकोळ गोष्टी दंडावर आल्या, ही सुधारणाच झाली.

वजनमापाचं तसंच. 2009 च्या वैधमापन कायद्यात कलम 48 खाली पहिली चूक पैसे भरून मिटते. पाकिटावर एखादी नोंद राहिली, तारखेचा ठसा पुसट आला, की माणूस म्हणतो, ‘कोण कोर्टात जाणार? घ्या आणि मिटवा.’ पण त्याला हे कोणी सांगत नाही की तीन वर्षांत पुन्हा तशीच चूक निघाली तर ती मिटवता येत नाही. पहिली सही ही दुसऱ्या खटल्याची पायरी असते.

आणि 2022 ची जुलै आठवतेय ना? 18 तारखेपासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर, डाळींवर, पिठावर 5 टक्के कर आला. त्याआधी 2017 पासून वाद होता की ब्रँड कशाला म्हणायचं. त्यानंतर वाद सुरू झाला की पाकीटबंद कशाला म्हणायचं. बाजारात एकदम 26 आणि 30 किलोची पोती दिसायला लागली. (हशा) हसताय, पण मुद्दा गंभीर आहे. जिथं नियमाची रेघ इतकी बारीक असते, तिथं प्रामाणिक माणूसही रेघेच्या कुठल्या बाजूला आहे हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. आणि ज्याला आपण चुकलो की नाही हे माहीत नाही, त्याच्यावर धाक सगळ्यात लवकर चालतो.

आता सरकारची बाजू

इथं टाळ्या वाजवू नका, कारण आता तुमच्याबद्दल बोलायचंय.

खोट्या बिलांचा धंदा खरा आहे. कागदावरच्या कंपन्या, मालाविना फिरणारी बिलं, भाड्यानं घेतलेली आधार कार्डं, हे सगळं खरं आहे. ते करणारा माणूस शेजारच्या प्रामाणिक गाळेवाल्याचा गळा कापतो, कारण तो पाच टक्के स्वस्त विकू शकतो. झडतीच घ्यायची नाही, अटकच करायची नाही, असं आम्ही म्हणत नाही. तडजोड वाईट असंही म्हणत नाही. प्रत्येक वाद कोर्टात नेला तर नातवंडांना निकाल ऐकावा लागेल. अभय योजना येतात, त्यांचा उपयोगही होतो. 2017-18 ते 2019-20 या वर्षांच्या, फसवणूक नसलेल्या प्रकरणांत कलम 128अ खाली 31 मार्च 2025 पर्यंत मूळ कर भरला तर व्याज आणि दंड माफ, अशी सोय झाली. अनेकांची डोकेदुखी गेली. अट अशी की अपील मागे घ्या. शब्द मात्र बघा : ‘अभय’. अभय कोण देतो? ज्याचं भय असतं तो.

आणि दुसरी गोष्ट. तडजोडीची पद्धत दोषी माणसाला फार आवडते. त्याच्यासाठी ती धाक नाही, ती दुकान आहे. 2012 साली एचएसबीसी बँकेनं अमली पदार्थांच्या टोळ्यांचा पैसा फिरू दिल्याच्या प्रकरणात 190 कोटी डॉलर भरले आणि खटला टळला, एकाही अधिकाऱ्यावर फौजदारी खटला झाला नाही. छोट्या प्रमाणात हेच आपल्याकडे होतं. ज्यानं पाच कोटींचा घोळ केला तो पन्नास लाखांत विषय मिटला तर पेढे वाटतो. ज्यानं काहीच केलं नाही तो अडतीस लाख भरून घरी जाऊन रडतो. सरकारी तक्त्यात दोघांचीही नोंद एकच : ‘वसुली’. ही पद्धत दोषी आणि निर्दोष यांच्यात फरक करत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा दोष. न्यायाचं कामच मुळी तो फरक करणं हे आहे.

आपल्या भाषेत याला तीन शब्द आहेत आणि तिन्ही वेगळे आहेत. दोन बरोबरीची माणसं बसून थोडं सोडतात, थोडं घेतात, ती तडजोड. दोन टोळ्या मध्यस्थ घालून मिटवतात, ती मांडवली. आणि साहेबाच्या खिशात काही जातं, ते तोडपाणी. रात्री दोन वाजताचा डीआरसी-03 यातला कुठला? पैसे तर सरकारी तिजोरीत गेले, म्हणजे तोडपाणी नाही. बरोबरी नव्हती, म्हणजे तडजोड नाही. तिजोरीत गेले म्हणून ते शुद्ध झाले, असं आपण मानत आलो. आमची टीका नेमकी इथं आहे. लाच घेतली नाही एवढ्यानं जबरदस्ती कायदेशीर होत नाही.

न्यायालयांनी काय केलं

न्यायालयांना हे दिसलेलं आहे. गुजरात उच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2021 मध्ये भूमी असोसिएटच्या प्रकरणात सांगितलं : झडती चालू असताना कुठल्याही मार्गानं वसुली नको. करदाता स्वतःहून भरतो म्हणाला तरी त्याला सांगा, झडती संपू दे, दुसऱ्या दिवशी फॉर्म भर. आम्हाला हा नियम फार आवडतो. त्यात एका रात्रीचं अंतर आहे. स्वेच्छा खरी असेल तर ती सकाळीही टिकते.

25 मे 2022 ला केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानंही सूचना काढली की झडतीत वसुलीची गरज पडावी असा प्रसंग नसतो. डिसेंबर 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं वल्लभ टेक्स्टाइल्सच्या प्रकरणात, रात्रभर चाललेल्या झडतीत भरून घेतलेले सुमारे 1 कोटी 80 लाख रुपये व्याजासह परत करायला लावले. आयकर खात्याला तर 10 मार्च 2003 लाच त्यांच्या मंडळानं लिहून दिलं होतं की झडतीत कबुलीजबाब मिळवण्याच्या मागे लागू नका, पुरावा गोळा करा. हे 2014 मध्ये पुन्हा लिहावं लागलं. जी सूचना पुन्हा पुन्हा काढावी लागते तिचं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि मग 27 फेब्रुवारी 2025 चा राधिका अग्रवाल निकाल. सरन्यायाधीश संजीव खन्ना आणि आणखी दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ. अटकेचा अधिकार घटनेला धरून आहे, असं त्यांनी ठरवलं. पण अटकेची कारणं, वकिलाला भेटण्याचा हक्क, अटकपूर्व जामीन ही सगळी संरक्षणं इथंही लागू आहेत, हेही ठरवलं. आणि आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे, अटकेचा धाक घालून कर भरायला लावतात या तक्रारीत काही तथ्य आहे, असं समोर आलेल्या आकडेवारीवरून दिसतं हे मान्य केलं. असं झालं असेल तर उच्च न्यायालयात जाऊन पैसे परत मागता येतील, आणि खात्यानं अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, असं म्हटलं.

निकालाचा आदर राखून आम्ही टीका करतो. रोग ओळखला, पण औषध महाग लिहून दिलं. ज्याला रात्री कलम 69 माहीत नव्हतं, त्यानं सकाळी उच्च न्यायालयात रिट दाखल करायची? ज्याचं खातं अडकलंय, त्यानं वकिलाची फी द्यायची? आणि सही त्याची, बटण त्यानं दाबलेलं, ‘स्वेच्छेने’ हा शब्द त्यानं निवडलेला. हे सगळं जबरीनं झालं हे सिद्ध करायचं ओझंही त्याच्याच पाठीवर. वल्लभ टेक्स्टाइल्स लढू शकली. किती गाळे लढतील? आणि जे लढत नाहीत त्यांची शांतता उद्या आकडेवारीत ‘तक्रार नाही’ म्हणून मोजली जाते.

आमच्या मते भार उलटा हवा. झडती चालू असताना भरलेली प्रत्येक रक्कम जबरीनं भरली असं धरा, आणि ती स्वेच्छेची होती हे खात्यानं सिद्ध करावं. आरोप काय आहे हे आधी लेखी द्यावं. तडजोडीला मंजुरी देणारा अधिकारी झडतीच्या साखळीतला नसावा. शहाणे निकालाचं तत्त्व पोलिसांपुरतं का ठेवायचं? आणि दरवर्षी जाहीर करावं की झडतीत किती रक्कम भरून घेतली आणि त्यातली किती पुढे कायदेशीर आदेशात टिकली. बस्स, एवढे दोन आकडे. उघड लिलाव.

(श्रोत्यांमधून एक ज्येष्ठ व्यापारी : “हे सगळं होईल तेव्हा होईल. त्या रात्री आम्ही काय करायचं ते सांगा.”)

काका, बरोबर विचारलंत. टीका करून घरी जाणं सोपं असतं. तर ऐका. झडतीला आडवे जाऊ नका, तो त्यांचा अधिकार आहे. आदेश वाचा, नावं लिहून घ्या. खोटं बोलू नका, कारण जीएसटीचे अधिकारी कायद्यानं पोलीस नाहीत, म्हणून त्यांच्यापुढचा जबाब तुमच्याविरुद्ध पुरावा होऊ शकतो. जबाब वाचल्याशिवाय सही नको. पैसे भरा म्हणाले तर एकच वाक्य म्हणा : “आरोप लेखी द्या, उद्या सकाळी वकिलाशी बोलून उत्तर देतो.” आणि तरीही भरावे लागले, तर दुसऱ्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवा की हे स्वेच्छेनं भरलेले नाहीत. महिन्यानं कळवलंत तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

पण काका, एक गोष्ट तुमच्यावर सोपवतो. त्या रात्री शटर अर्धं खाली असताना शेजारचे गाळे काय करतात? दिवे मालवून घरी जातात. कारण प्रत्येकाला वाटतं, आज त्याच्याकडे आलेत, माझ्याकडे कशाला लक्ष वेधून घेऊ? एवढ्या मोठ्या बाजारात दोन माणसं बाहेर बाकावर नुसती बसून राहिली, चहा पाठवला, वकिलाला फोन लावला, तर आतला आवाज आपोआप खाली येतो. रुमालाखालचा सौदा कायद्यानं बंद झाला हे खरं, पण त्याआधी कोणीतरी रुमाल उचलून बघायला लागलं होतं.

यापुढे आम्हीही रात्रीच्या फोनवर ‘भरून टाका’ म्हणणार नाही. ‘थांबा, येतो’ म्हणू. हे तुमच्यासमोर बोललो, म्हणजे आता मोडता येणार नाही.